दाताच्या दवाखान्यातला चोरदरवाजा

ये, बस. ते स्टूल नको घेऊ, त्याचा एक पाय लंगडा आहे. इकडे, या खोक्यावर टेक. तुला एक गोष्ट सांगतो. खोट्या दातांची, खऱ्या बहिणीची आणि भिंतीवर टांगलेल्या एका पांढऱ्या डब्याची. हसू आलं तर मोकळेपणानं हस, मला राग नाही. पण मधेच मोबाईल काढलास तर गोष्ट तिथंच बंद, आधीच सांगून ठेवतो.

तर एक होता खटक्या. आईबापांनी चांगलं नाव ठेवलं होतं, पण ते आता त्याच्या बायकोलाही आठवायला वेळ लागतो. धंदा नेट जोडून द्यायचा. खांबावरून तार ओढायची, भिंतीला भोक पाडायचं, आणि आत डबा टांगायचा. राउटर म्हणतात ना, तोच, शिंगं वर काढून बसलेला. कुठलाही बिघाड सांगा, हा आधी बटण बंद करायचा, जरा थांबायचा, पुन्हा चालू करायचा. बहुतेक वेळा तेवढ्यावर भागायचं. म्हणून नाव पडलं खटक्या. ज्या दिवशी तेवढ्यावर भागायचं नाही, त्या दिवशी तो डब्याकडे असा बघायचा, जसा डब्यानं त्याचा अपमान केलाय.

पण माणूस एका गोष्टीत फार कडक. डबा फॅक्टरीतून येतो तेव्हा त्याला एक तयार पासवर्ड असतो, साधा, शेंबड्या पोरालाही पाठ असलेला. तो तसाच ठेवला तर घराला कुलूप लावून किल्ली कुलपालाच लटकवल्यासारखं. बरेच कारागीर तसंच ठेवतात. खटक्या नाही. तो गिऱ्हाइकाला डब्यासमोर बसवायचा आणि म्हणायचा, "आता तुमचा पासवर्ड तुम्ही टाका. मला सांगू नका. बायकोला सांगू नका. देवाला पण सांगू नका." आणि स्वतः भिंतीकडे तोंड करून उभा राहायचा. नुसता उभा नाही हं. डोळे गच्च मिटलेले, दोन्ही हात कानांवर, आणि मोठमोठ्यानं गाणं. कानांवर हात कशाला? तर काही लोकांना टाइप करताना पुटपुटायची खोड असते. आणि गाणं कशाला, तर हातांच्या फटीतूनही काही ऐकू येऊ नये म्हणून. गाणं म्हणजे काय, रेड्याच्या शेपटीवर पाय पडल्यासारखा सूर. शेजारचे धावत यायचे, कुणाला काय झालं म्हणून.

लोक हसायचे, पण लोकांना ते पटायचं. "खटक्यानं बसवलेला डबा म्हणजे तिजोरी," असं एकमेकांना सांगायचे. बेकरीवाला, व्यायामशाळेचा पैलवान, लग्नं जुळवणारी बाई, अर्ध्या गावानं त्याच्याकडून डबे बसवून घेतले, ते त्या भिंतीकडच्या तोंडावर.

त्यातलाच एक डबा दाताच्या दवाखान्यात होता. तिथं खटक्याची थोरली बहीण कामाला. ताई. तिथं सगळे तिला ताईच म्हणतात, डॉक्टरसुद्धा. दारावर तीच, फोनवर तीच, पेशंट घाबरला तर हात धरायला तीच, आणि पळाला तर रस्त्यातून धरून आणायलाही तीच. डॉक्टर आपला नुसता भोकं पाडतो आणि बुजवतो, दवाखाना खरा ताई चालवते.

आता हा डॉक्टर प्रत्येकाच्या तोंडाचे फोटो काढायचा. एक कामाआधी, एक कामानंतर. आ वासलेला, ओठ दोन्हीकडून चिमट्यांनी ताणलेले, माणूस आहे का मासा कळू नये असा. ते सगळे फोटो एका हार्ड डिस्कमध्ये, आणि ती डिस्क त्या डब्याच्या पाठीत खोचलेली, म्हणजे दवाखान्यातल्या कुठल्याही खोलीतून बघता यावेत. फोटोला नाव द्यायचं काम ताईचं. डॉक्टर सांगून थकला, "ताई, पेशंटला नंबर द्या." पण ताईच्या डोक्यात नंबर राहत नाहीत, माणसं राहतात. म्हणून ती तिच्या पद्धतीनं नावं द्यायची. "गायनमास्तर, पुढचे दोन गायब, बोलताना लांब बसणे." "बँकेचे मॅनेजर, खिडकी उघडी ठेवणे." आणि गावाचे पुढारी, ज्यांना सगळे साहेब म्हणतात, ज्यांचं बत्तीशी दाखवणारं पोस्टर प्रत्येक चौकात लागलंय, त्यांच्या फोटोचं नाव होतं, "साहेब, वरची खोटी, खालची खोटी, हसू पण खोटं."

पुढं काय झालं असेल ते तुझ्या लक्षात आलंच असेल.

एके दिवशी सकाळी सगळ्यांच्या मोबाईलवर एक लिंक आली. याच्याकडून त्याला, त्याच्याकडून हिला. उघडली की आ वासलेली तोंडंच तोंडं. आणि प्रत्येक तोंडाखाली ताईनं दिलेलं नाव, जसंच्या तसं. दुपारपर्यंत गाव नुसतं खिदळत होतं. गायनमास्तरांच्या क्लासला पोरी रुमाल लावून बसल्या. बँकेत मॅनेजरच्या केबिनची खिडकी कुणीतरी जाता जाता मुद्दाम उघडून गेलं. आणि चौकातल्या पोस्टरसमोर माणसं उभी राहून बोटं दाखवायला लागली. साहेबांनी एवढी वर्षं सभा गाजवल्या, पण एवढ्या मन लावून त्यांच्याकडे कुणी कधी बघितलं नसेल.

खटक्याला पहिल्यांदा हसूच आलं. बेकरीवाल्यानं लिंक दाखवली, तो पोट धरून हसला. मग त्यानं खालची नावं वाचली. ही बोलण्याची ढब लहानपणापासून त्याच्या पाठीत धपाटे घालत आलीय, ती त्याला ओळखू येणार नाही? त्यानं हसणं तिथंच सोडलं. सायकल काढली आणि निघाला दवाखान्याकडे.

तिथं डॉक्टर खुर्चीच्या मागं उभा, पेशंटच्या खुर्चीच्या, आणि ताई समोर, कमरेवर हात.

"ये, बरा आलास," डॉक्टर म्हणाला. "तूच सांग. या डब्याचा पासवर्ड कुणाकुणाला माहीत आहे?"

"ताईला," खटक्या म्हणाला.

"आणखी?"

"आणखी कुणाला नाही."

"तुला?"

"मी भिंतीकडे तोंड करून होतो ना डॉक्टर. तुम्हीच तर ओरडलात, गाणं बंद कर, पेशंट रडतोय म्हणून."

"म्हणजे जगात एकच माणूस आत जाऊ शकतो. तूच म्हणाला होतास. छातीवर हात मारून म्हणाला होतास."

खटक्याच्या तेव्हा लक्षात आलं, आपण काय बोलून बसलो. ज्या पद्धतीवर आयुष्यभर मिरवला, त्याच पद्धतीनं त्यानं बहिणीला कोपऱ्यात गाठलं होतं. दार एक, किल्ली एक, आणि किल्ली ताईच्या कनवटीला. मग फोटो नेले कुणी?

"पासवर्ड सांगा ताई," डॉक्टर म्हणाला. "मी स्वतः आत जाऊन बघतो."

"नाही सांगणार."

"का?"

"नाही म्हणजे नाही."

"लपवायचं काही नसेल तर सांगायला काय जातंय?"

ताईनं तोंड फिरवलं. डॉक्टरच्या कपाळावर आठी चढली.

साहेबांचा निरोप तोवर येऊन धडकलाच होता. परवा संध्याकाळी ते स्वतः दवाखान्यात येणार. तोवर त्या बाईनं कबूल करावं आणि माफी मागावी, नाहीतर पोलिसात तक्रार. आणि नोकरीचं म्हणशील तर ती गेलीच. डॉक्टरनं तसं स्पष्ट सांगितलं नाही, पण ताईचा टेबलावरचा चष्मा उचलून तिच्या हातात दिला. एवढी वर्षं तो चष्मा तिथंच पडून असायचा.

घरी आल्यावर ताईनं पिशवी कोपऱ्यात भिरकावली. भाऊजी आतल्या खोलीत टीव्हीचा आवाज वाढवून बसले. बायकोचा पारा चढला की ते टीव्हीच्या आश्रयाला जातात, जुनी सवय आहे. घर चालतं ते ताईच्या नोकरीवर, हे त्यांनाही ठाऊक, म्हणून तर आवाज आणखीच मोठा.

खटक्या उंबऱ्याजवळच घुटमळला. मग त्यानं ते विचारलं, जे विचारायला नको होतं.

"ताई, खरं सांग. कुणाला बोलली होतीस का? चुकून? एखाद्या मैत्रिणीला?"

ताईनं हातातलं लाटणं फेकलं. खटक्या वाकला म्हणून वाचला, मागच्या कॅलेंडरला भोक पडलं.

"तू? तू विचारतोस मला? साऱ्या गावानं विचारलं असतं तर मी एक वेळ गिळलं असतं!"

"मग डॉक्टरला पासवर्ड का नाही सांगितलास? सांगून टाकायचा! आता वाटणारच ना त्यांना..."

"कसा सांगू? काय आहे तो माहितीये तुला?"

"मी कसं सांगणार, मी भिंतीकडे..."

"भिंतीकडे तोंड होतं, कळलं. ऐक आता." तिनं आवाज खाली आणला. "हा डॉक्टर एक नंबरचा चिक्कू आहे. सगळं एका दमात, मधे जागा न सोडता."

खटक्यानं तोंडावर हात दाबला. मग खांदे हलायला लागले. ताईनं डोळे वटारले, पण तिच्याही ओठांचं काही खरं नव्हतं.

"दर वर्षी पगार वाढवतो म्हणतो आणि दर वर्षी एक टूथब्रश देतो मेला," ती म्हणाली. "टाकला रागात. आता त्याच्या तोंडावर वाचून दाखवू? त्यापेक्षा चोर ठरले तरी चालेल." मग ती पलंगावर बसली आणि एकदम थकल्यासारखी झाली. "नाही रे. ते नाही चालणार. मी चोंबडी आहे. लोकांच्या तोंडात काय आहे ते मी दहा जणींना सांगितलं असेल, नाही म्हणत नाही. फोटोंना नावं दिली ती माझीच चूक. पण मी चोर नाही खटक्या. रडणाऱ्या माणसाचा हात धरून बसते मी तिथं. त्याचं तोंड चव्हाट्यावर टांगीन मी?"

खटक्यानं लाटणं उचलून तिच्या हातात दिलं. आणखी काय करणार?

तो दुसरी नोकरी बघू म्हणाला. ती नाही म्हणाली. चोर म्हणून बाहेर पडले तर दुसऱ्या दारात कोण उभं करील, आणि उभं केलं तरी मला या शिक्क्यानिशी उभं राहायचं नाही. भाऊजींनी आतून विचारलं, "जेवायचं काय?" त्यावर ताईनं जे उत्तर दिलं ते मी तुला सांगणार नाही.

दुसऱ्या दिवशी खटक्याचं कामात लक्ष कुठलं लागायला. पण पैलवानाचा फोन, व्यायामशाळेतलं नेट अडकलंय, ये म्हणून. गेला. पैलवान म्हणजे दारातून आडवा आत जाणारा माणूस, पण आवाज बारीक, आणि विसरभोळा.

"माझा पासवर्ड मीच विसरलो रे," तो म्हणाला. "तू तरी तेव्हा जरा कान उघडे ठेवायचेस."

खटक्यानं बटण बंद केलं, चालू केलं. उपयोग नाही. आता डबा पार कोरा करून पहिल्यापासून बसवायचा म्हणजे अर्धी दुपार गेली. म्हणून त्यानं डब्याच्या कंपनीच्या हेल्पलाइनला फोन लावला. आधी संगीत वाजलं, मग आणखी संगीत, मग एक गोड आवाजाचा माणूस आला.

"कोरा कशाला करताय सर?" तो म्हणाला. "डब्याच्या बुडाखालचा नंबर सांगा, मी बघतो."

खटक्यानं डबा उलटा करून नंबर सांगितला. पलीकडे टकटक ऐकू आली. मग तो माणूस म्हणाला, "झालं सर. मी आत आहे. नवीन पासवर्ड काय ठेवू?"

खटक्याचा हात तसाच हवेत राहिला.

"आत आहे म्हणजे?"

"म्हणजे तुमच्या डब्यात आहे सर."

"कसा गेलास? पासवर्ड मला माहीत नाही, पैलवानाला माहीत नाही, आणि तू आत?"

"आमचं कंपनीचं एक खातं असतं ना सर प्रत्येक डब्यात. फॅक्टरीतूनच येतं. सर्व्हिससाठी."

"मला तर डब्यात एकच खातं दिसतं. गिऱ्हाइकाचं."

"आमचं दिसत नाही सर. मुद्दाम लपवलेलं असतं. नाहीतर गिऱ्हाइकं चुकून काढून टाकतात."

खटक्या व्यायामाच्या बाकावर बसला. मागं वजनं लावलेला दांडा होता, त्यावर डोकं आपटलं, तेही त्याला कळलं नाही.

"आणि या खात्याची किल्ली? प्रत्येक डब्याची वेगळी असेल ना?"

"नाही सर, सगळ्यांची एकच. वेगवेगळी ठेवली तर आमच्या लक्षात कशी राहणार?"

"तुमच्या म्हणजे किती जणांच्या?"

"आमच्या डिपार्टमेंटमध्ये सगळ्यांनाच येते सर."

"आणि जे नोकरी सोडून गेले त्यांना?"

"त्यांनाही येतच असेल सर. विसरायला थोडंच सांगतो आम्ही." मग तोच गोड आवाज, "आजच्या सेवेबद्दल तुम्ही समाधानी आहात का?"

पैलवानानं फोन काढून घेतला, नाहीतर खटक्यानं तो भिंतीवर फेकला असता.

खटक्याला पहिल्यांदा वाटलं ते हायसं. ताई सुटली! दुसरी किल्ली आहे, आणि ती कुणाकुणाच्या खिशात फिरतीय कुणाला ठाऊक. कुठंतरी बसलेल्या एखाद्या रिकामटेकड्याला ती सापडली असेल, तो डब्यामागून डबे उघडत सुटला असेल, आणि त्यातल्या एका डब्यात निघाली आपली तोंडं. त्याला आपलं गाव कुठं आहे हेही माहीत नसेल.

पण मागोमाग दुसरा विचार आला, आणि त्यानं घाम फुटला. हा डबा फक्त दवाखान्यात थोडाच आहे? बेकरीत तोच. लग्नं जुळवणाऱ्या बाईकडे तोच, आणि तिच्याकडे तर लोकांच्या कुठल्या कुठल्या गोष्टी असतात. पैलवानाकडे तोच. हे साहेबांसमोर बोललो की उद्या अर्धं गाव दारात येऊन उभं राहणार. तिजोरी म्हणून विकलीस आणि चाळणी बसवलीस रे?

"पैलवान," तो म्हणाला, "मी एवढी वर्षं पाठ करून उभा राहिलो. कान झाकून, डोळे मिटून. माझी आई म्हणायची येडा आहे का हा."

"येडाच होतास," पैलवान म्हणाला. "पुढच्या दाराकडे पाठ आणि मागचं दार सताड उघडं."

"बोलू का उद्या? धंदा बुडेल."

पैलवानानं बराच विचार केला. विचार करताना त्याच्या मानेच्या शिरा फुगतात. "तुझी ताई मला दात काढताना म्हणाली होती, ओरड बाबा, मोठ्ठ्यानं ओरड, इथं कुणी ऐकत नाही. आणि नंतर तिनं खरंच कुणाला सांगितलं नाही." मग त्यानं डबा तारेसकट भिंतीवरून उपटला आणि खटक्याच्या मांडीवर ठेवला. "हे घे. पहिलं गिऱ्हाईक गेलं. आता कशाला भ्यायचं?"

परवाची संध्याकाळ उजाडली. उजाडली म्हणतो मी संध्याकाळीला, पण खटक्याला तसंच वाटलं. दवाखान्याच्या बाहेरच्या खोलीत सगळे जमले. साहेब मधल्या खुर्चीत, तोंडावर रुमाल. गायनमास्तर कोपऱ्यात, तोंड मिटून. डॉक्टर उभा. ताई फोनच्या टेबलामागं, तिच्या नेहमीच्या जागी, जणू काही झालंच नाही, फक्त चष्मा हातात घट्ट धरलेला.

खटक्यानं सगळं सांगितलं. लपवलेलं खातं, एकच किल्ली, सोडून गेलेली माणसं. सांगताना जीभ अडखळली, पण सांगितलं.

साहेब रुमालातून हसले. "बहिणीला वाचवायला चांगली कथा रचलीस. मग काल-परवापर्यंत तिजोरी-तिजोरी म्हणून कशाला मिरवत होतास?"

"तेव्हा माहीत नव्हतं साहेब."

"आणि आज बरोबर माहीत झालं?"

"फोन लावतो. तुमच्यासमोर. सगळे ऐका."

लावला. आवाज मोठा केला. संगीत, आणखी संगीत. यावेळी एक बाई आली, आवाज इस्त्री केल्यासारखा.

"मॅडम, जरा माझ्या डब्यात येऊन बघता का?"

"जरूर सर. तुमचा पासवर्ड सांगा."

"पासवर्ड विसरलोय. तुमच्या खात्यातून या ना."

"आमचं असं कुठलंही खातं नसतं सर. पासवर्डशिवाय आम्हाला तुमच्या डब्यात येता येत नाही. तुमची सुरक्षा आमच्यासाठी सर्वात महत्त्वाची आहे."

खटक्या फोनवर वाकला. "अहो, काल तुमच्याच माणसानं..."

"त्या नावाचं इथं कुणी नाही सर."

"मी नाव सांगितलंच नाही!"

"तरीही नाही सर."

डॉक्टरनं मान हलवली. गायनमास्तरांनी तोंड न उघडता हुंकार दिला, तोही सुरात. ताईनं चष्मा घडी घालून पिशवीत ठेवला. खटक्यानं तो ठेवताना बघितला आणि त्याला रडू फुटायचंच बाकी राहिलं.

आणि तेव्हा साहेबांचा संयम सुटला. त्यांना घरी जायचं होतं, आणि एवढ्या माणसांत कुणीतरी आपल्याला सोडून दुसऱ्याचंच ऐकतंय, हे त्यांच्या स्वभावातच बसत नाही. त्यांनी खटक्याच्या हातातून फोन हिसकला आणि रुमाल बाजूला झाला.

"ए बाई! मी कोण बोलतोय माहितीये का? तुमच्या कंपनीचे जेवढे खांब माझ्या गावात उभे आहेत ना, ते उद्या सकाळी उपटून टाकीन! तुझा साहेब कोण आहे? त्याचा साहेब कोण आहे?"

"सर, सर, शांत व्हा..."

"शांत? हा पोरगा म्हणतो तुम्ही आत येऊ शकता, तू म्हणतेस नाही. माझा वेळ फुकटचा आहे? काय तो एक निकाल लाव, नाहीतर..."

"बघते सर. एक मिनिट सर. बुडाखालचा नंबर सांगा सर."

साहेबांनी बोट दाखवलं. खटक्यानं डबा उलटा केला, नंबर वाचला. टकटक, टकटक.

"आले सर. आत आहे सर. सगळं व्यवस्थित आहे. नेट चालू आहे, आणि पाठीमागं एक डिस्क जोडलेली आहे सर, त्यात फोटो आहेत. ते उघडतायत का तपासू का सर?"

"तपास!" साहेब गरजले. एकदा गरजायला लागले की त्यांना थांबता येत नाही.

"हो सर. पहिलाच उघडला सर. नाव वाचते. साहेब, वरची खोटी, खालची खोटी, हसू पण..."

बाई तिथं थांबली. शहाणी असावी.

मग कोपऱ्यातून एक विचित्र आवाज आला. गायनमास्तर हसत होते. तोंड दाबून, पण दोन दातांच्या खिंडीतून हवा सुटत होती, शीळ घातल्यासारखी. ते ऐकून डॉक्टरला हसू आलं, आणि डॉक्टरला हसताना बघून ताईला. साहेबांनी दातओठ खायचा प्रयत्न केला, पण दात तेवढे घट्ट बसलेले नव्हते.

"दुसरं काही तपासू का सर?" बाईनं विचारलं.

खटक्यानं हळूच फोन साहेबांच्या हातातून सोडवून घेतला. "नको मॅडम. पुष्कळ झालं."

ताईनं पिशवीतून चष्मा काढला आणि डोळ्यांवर चढवला. डॉक्टर तिला म्हणाला, "चूक झाली ताई. तुम्ही उद्या नेहमीच्या वेळेला या." आणि थोड्या वेळानं, "फोटोंना मात्र नंबरच द्यायचे." ताई म्हणाली, "बघू." साहेब पोलिसांकडे गेले नाहीत. जाऊन सांगणार काय, की मीच त्या बाईला आत जायला लावलं आणि मीच माझं नाव वाचून घेतलं?

डिस्क खटक्यानं तिथल्या तिथं उपटली. डबाही काढला. कंपनीला चार वेळा फोन केला. पहिल्यांदा म्हणाले असं खातं नसतंच, मग म्हणाले असतं पण सोयीसाठी असतं, मग म्हणाले नवीन डबा घ्या, त्यात नसेल. नक्की नसेल ना, असं विचारलं तर संगीत वाजायला लागलं.

तेव्हापासून खटक्या रोज एक पिशवी घेऊन बाहेर पडतो. दाराची कडी वाजवतो आणि म्हणतो, "मी बसवलेला डबा काढायला आलोय. त्यात एक चोरदरवाजा आहे, तेव्हा मला माहीत नव्हतं." बेकरीवाल्यानं त्याला पिठाच्या हातानं ढकलून बाहेर काढलं, अजून शर्टावर पंजा आहे. लग्नं जुळवणारी बाई रडली, मग शिव्या दिल्या, मग पाणी दिलं. काही लोक म्हणतात, आता तुझ्यावर विश्वास कसा ठेवायचा? तो म्हणतो, नका ठेवू, पण डबा काढू द्या. दुसऱ्या कारागिरांनी धंदा पळवला, पण तेच डबे पुन्हा बसवतायत, तोही खटक्याचा वेगळा ताप. गाणं त्यानं बंद केलंय. पाठ करून उभा राहत नाही. ताई म्हणते, बरं झालं, तुझा सूर ऐकून पेशंट पळायचे. पण दर संध्याकाळी ती त्याला विचारते, आज किती दारं झाली, आणि तो कितीही सांगो, ती म्हणते, उरलेली उद्या कर.

आता तुझ्या घरी पण शिंगंवाला डबा आहे, त्यानंच बसवलेला. मी बघितलाय, टीव्हीच्या वर. आज ना उद्या तो तुझ्या दारात येणार, पिशवी खांद्याला, मान खाली. तो आला की दार लावून घेऊ नकोस. शिव्या द्यायच्या असतील तर दे, पण उभ्याउभ्या नको, आत बोलाव, बसायला खुर्ची दे, आणि त्याचं काम होईपर्यंत शिडी धरून उभा राहा. एवढं कर माझ्यासाठी.